फ्रीझची वही: २.८ सांभाळायची, ३.० थोपवायची

डेबियन या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आपण सांभाळतो ते पॅकेज लहान आहे. सी भाषेतली एक लायब्ररी, जी मजकुराच्या फायलींची सूची बनवून त्यात शोध घेते, आणि तिच्यासोबत कमांडवर चालणारं एक साधन. डेबियनमधली सहा पॅकेजं या लायब्ररीवर अवलंबून आहेत. वही सुरू झाली तेव्हा बुकवर्ममध्ये, म्हणजे तेव्हाच्या स्टेबल डेबियन १२ मध्ये, २.७ होती, टेस्टिंगमध्ये, म्हणजे होऊ घातलेल्या डेबियन १३ ट्रिक्सीमध्ये, २.८.३. नवं पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये टाकतात, तिथून ते टेस्टिंगमध्ये जातं; त्यालाच मायग्रेट होणं म्हणतात. रिलीजआधी डेबियनमध्ये बदल टप्प्याटप्प्याने थांबवतात, तोच फ्रीझ. रिलीज टीमने जाहीर केलेल्या तारखा अशा: १५ मार्च २०२५ ला ट्रान्झिशन (लायब्ररी बदलून तिच्यावरची पॅकेजं नव्याने बांधणं) आणि टूलचेन (कंपायलर वगैरे) फ्रीझ, १५ एप्रिलला सॉफ्ट फ्रीझ, १७ मेला हार्ड फ्रीझ. नोंदी या तारखांभोवतीच फिरतात.

४ मार्च २०२५

मूळ प्रकल्पाने ३.० प्रसिद्ध केली. बदलांची यादी मोठी आहे: सूचीचा नवा फॉरमॅट, देवनागरी शोधात सुधारणा, चार जुनी फंक्शनं काढून टाकली. ट्रान्झिशन फ्रीझला अकरा दिवस उरलेत.

पहिलं काम एबीआय तपासायचं, म्हणजे आधीच बांधलेले प्रोग्राम नव्या लायब्ररीवर तसेच चालतील का ते. २.८.३ आणि ३.० दोन्ही डीबग सिम्बॉलसकट बांधून अ‍ॅबिगेलच्या साधनांनी पॅकेजं शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिली. काढलेली चार फंक्शनं दिसलीच, पण ते सोपं प्रकरण आहे. फंक्शन गायब असेल तर प्रोग्राम सुरू होताना किंवा ते फंक्शन लागताच अडतो आणि कारण समोर दिसतं. खरी अडचण एका स्ट्रक्चरमध्ये निघाली. त्याचा आकार ४८ बाइटांवरून ६४ झालाय आणि नवं फील्ड शेवटी न जोडता 'फ्लॅग्ज'च्या लगेच मागे घातलंय. म्हणजे त्यापुढचं प्रत्येक फील्ड सरकलं. जुन्या हेडरने बांधलेला प्रोग्राम नव्या लायब्ररीशी जोडला तर तो चुकीच्या जागेवरून वाचत राहील आणि कुठेही तक्रार येणार नाही. मूळ प्रकल्पाने एसओनेममधला, म्हणजे लायब्ररीच्या नावातला, सुसंगतीचा आकडा २ वरून ३ केलाय, ते अगदी योग्य केलं. त्यामुळे बायनरी पॅकेजचं नाव बदलणार आणि दोन्ही लायब्ऱ्या एकाच मशीनवर सुखाने नांदतील.

६ मार्च

सहाही पॅकेजं ३.० विरुद्ध बांधून पाहिली. 'रॅट' हे साधन यासाठीच आहे: आपल्या नव्या पॅकेजची चेंजेस फाइल द्यायची, ते अवलंबून असलेली सगळी पॅकेजं शोधून एसबिल्ड या कोऱ्या बांधणी-वातावरणात एकेक करून बांधतं. चार बांधली गेली. एकात काढून टाकलेलं फंक्शन वापरलंय. सहाव्याची चाचणी पडली, कारण सूची-फाइलच्या पहिल्या आठ बाइटांत काय असायला हवं हे चाचणीत कोरून ठेवलंय.

निर्णय: ३.० ट्रिक्सीत जाणार नाही.

हिशेब असा. नवं बायनरी नाव म्हणजे पॅकेज 'न्यू' रांगेत जाणार. तिथे माणूस हाताने तपासतो, किती दिवस लागतील ते आपल्या हातात नाही. मग ट्रान्झिशनसाठी रिलीज टीमकडून जागा मागायची, दोन पॅकेजांना पॅच द्यायचे, त्यांच्या सांभाळणाऱ्यांनी ते घ्यायचे, सगळं नव्याने बांधायचं, आणि वर नेहमीची मुदत: अर्जन्सी मध्यम असेल तर अनस्टेबलमधून टेस्टिंगमध्ये जायला किमान पाच दिवस, कमी असेल तर दहा, जास्त असेल तर दोन. नऊ दिवसांत हे जमवायचं म्हणजे दुसऱ्या सहा पॅकेजांच्या जिवावर उदार होणं. १५ तारखेला अर्धवट अडकलो तर त्यांचीही दारं बंद होतात.

आणखी एक गोष्ट पाळायची आहे: ३.० अनस्टेबलमध्येही टाकायची नाही. टेस्टिंगला दुरुस्ती अनस्टेबलमधूनच जाते. अनस्टेबलमध्ये ३.० बसली की २.८ ची दुरुस्ती पाठवायला तो रस्ता उरत नाही. टेस्टिंग-प्रपोज्ड-अपडेट्स नावाची मागची वाट आहे, पण तिथून आलेलं पॅकेज कुणी रोजच्या वापरात घासून पाहिलेलं नसतं. रिलीज टीमला ती वाट आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे.

२९ मार्च

३.० चा टारबॉल, म्हणजे प्रसिद्ध केलेला सोर्सचा गठ्ठा, आणि गिटमधला टॅग, म्हणजे कोडच्या भांडारातली त्याच आवृत्तीची खूण, ताडून पाहिले. गेल्या वर्षी याच तारखेला एक्सझेड-युटिल्स या फायली दाबून लहान करणाऱ्या साधनातलं मागचं दार उघडकीला आलं, तेव्हापासून ही पायरी यादीत कायम आहे. तिथे ५.६.० आणि ५.६.१ मध्ये घातक भाग होता. त्याला चालना देणारी एम४ फाइल, बांधणीच्या सूचना बनवणारी, फक्त टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जादा लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंड यांनी पाहिलं आणि मुळापर्यंत गेले, म्हणून ते सापडलं. डेबियनच्या स्टेबलमध्ये तेव्हा ५.४.१ होती, तिला काही झालं नाही. टेस्टिंग आणि अनस्टेबल मात्र सापडले.

तिथली आवृत्ती मागे कशी घेतली ते पॅकेज सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं. पॅकेज-व्यवस्थेत आवृत्ती उलटी जात नाही, ५.६.१ च्या जागी ५.४.५ अपलोड केली तर ती जुनी म्हणून नाकारली जाते. म्हणून आवृत्तीचं नाव ठेवलं '५.६.१+रियली५.४.५-१'. आकडा पुढचा, आतला माल मागचा. दिसायला विद्रूप, पण दुसरा उपाय म्हणजे इपॉक, आवृत्तीच्या आधी लागणारा आकडा, वाढवणं, आणि इपॉक एकदा चढला की जन्मभर उतरत नाही.

आपल्या टारबॉलमध्ये जादा निघालं ते कॉन्फिगर, मेकफाइलचे साचे आणि ऑटोटूल्सच्या मदतनीस फायली. बाकी बाइट अन् बाइट सारखं. बांधताना ऑटोरीकॉन्फ चालतंच आणि या फायली नव्याने बनवतं, पण तेवढ्यावर विसंबायचं नाही. एक्सझेडच्या वेळी ती एम४ फाइल ऑटोरीकॉन्फने बदलली नव्हती. यापुढे टारबॉल सोडून सही केलेल्या गिट-टॅगवरूनच बांधायचं ठरलं.

८ एप्रिल

सॉफ्ट फ्रीझला आठवडा. २.८.३ मध्ये काय राहिलंय ते पाहताना ऑटोपीकेजीटेस्टवर, म्हणजे बसवलेल्या पॅकेजच्या आपोआप चालणाऱ्या चाचणीवर, नजर गेली. चाचणी आहे, पण तिच्यावर 'सुपरफिशियल' असा शिक्का आहे: एक ओळीचा प्रोग्राम लायब्ररीशी जोडला जातो की नाही, एवढंच बघते. अशी चाचणी पास झाली तरी जमेला धरत नाहीत. याचा हार्ड फ्रीझमध्ये थेट परिणाम होतो. 'की पॅकेज', म्हणजे डेबियनला अत्यावश्यक, नसलेलं आणि अर्थपूर्ण चाचणी असलेलं पॅकेज १७ मेनंतरही आपणहून मायग्रेट होऊ शकतं. चाचणी नसेल तर प्रत्येक दुरुस्तीसाठी रिलीज टीमच्या दारात उभं राहावं लागतं.

खरी चाचणी लिहिली. तीनशे छोट्या फायली, त्यातल्या चाळीस मराठी. सूची बनव, वीस शब्द शोध, उत्तरं ताड. मग पुन्हा सूची बनव: काहीच बदललेलं नाही, तेव्हा दुसऱ्या वेळी 'सूची ताजी आहे' असं यायला हवं. २.८.३-२~एक्सपी१ या आवृत्तीने एक्सपेरिमेंटलमध्ये अपलोड केली. तिथे टाकलेलं पॅकेजही सगळ्या आर्किटेक्चरवर, म्हणजे प्रोसेसरच्या जातींवर, बांधलं जातं, चाचण्या चालतात आणि टेस्टिंगला धक्का लागत नाही. आधी ही, मगच ३.० तिथे जाणार. क्रम उलटा केला तर २.८ ला एक्सपेरिमेंटलमध्ये जागाच राहत नाही.

११ एप्रिल

निकाल आले. एएमडी६४, आर्म६४, पीपीसी६४ईएल, रिस्क-व्ही६४, एस३९०एक्स पास. आय३८६ पास. आर्मएचएफ आणि आर्मईएल नापास, दोन्हीकडे त्याच पायरीवर: दुसऱ्या वेळीही सूची पहिल्यापासून बनते.

ही दोनच आर्किटेक्चरं आणि आय३८६ नाही, यातच उत्तर आहे. २०२४ मध्ये डेबियनने ३२-बिट आर्किटेक्चरवर टाइम-टी, म्हणजे सी भाषेतला वेळ साठवणारा प्रकार, ६४-बिट केला, कारण ३२-बिटचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला संपतो. आय३८६ मुद्दाम वगळलं, कारण तिथे जुने तयार प्रोग्राम चालवण्यासाठीच लोक ते ठेवतात. म्हणजे शोधायचं ते टाइम-टीभोवती.

सापडलं. कॅशे फाइलमध्ये मूळ फाइलची वेळ लिहिणारी एक ओळ आहे: फॉरमॅट 'टक्का-एल-डी', जो लाँग हा पूर्णांक छापतो, आर्ग्युमेंट टाइम-टी. आर्मवर लाँग चार बाइटांचा आणि टाइम-टी आता आठांचा. आर्मच्या कॉलिंग पद्धतीत आठ बाइटांचं आर्ग्युमेंट सम क्रमांकाच्या रजिस्टरपासूनच सुरू होतं. हे फंक्शन एका स्ट्रिंग-बफरमध्ये लिहितं. आधीची आर्ग्युमेंटं जिथे संपतात तिथे एक रजिस्टर मोकळं राहतं आणि वेळ स्टॅकवर, म्हणजे मेमरीत, जाते. 'टक्का-एल-डी' मात्र त्या मोकळ्या रजिस्टरातलं जे असेल ते उचलतो. कॅशेत दर वेळी कचरा लिहिला जातो, दुसऱ्या वेळी वेळ जुळत नाही, सूची पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या फोल्डरवर छोट्या बोर्डाला प्रत्येक सुरुवातीला हे भोगावं लागतं, आणि उत्तरं बरोबर येत असल्यामुळे कुणाला वाटतं बोर्डच मंद आहे.

वर्षभर हे का दिसलं नाही? टाइम-टीच्या ट्रान्झिशनमध्ये हेडर फायली तपासल्या गेल्या, कारण प्रश्न लायब्ररीच्या बाहेरच्या चेहऱ्याचा होता. आपल्या हेडरमध्ये टाइम-टी कुठेच नाही, म्हणून पॅकेजच्या नावाला टी६४ चं शेपूट लागलं नाही आणि आतल्या कोडकडे कुणी वळलं नाही. आर्मएचएफच्या बिल्ड-लॉगमध्ये कंपायलरची सूचना पहिल्या दिवसापासून आहे. फक्त सूचना, एरर नाही. त्यामुळे बिल्ड हिरवा.

१२ एप्रिल

दुरुस्ती: आर्ग्युमेंट इंटमॅक्स-टी या सर्वांत मोठ्या पूर्णांक प्रकारात कास्ट केलं, फॉरमॅट 'टक्का-जे-डी' केला. वाचणाऱ्या बाजूलाही तेच, नाहीतर २०३८ नंतरची वेळ वाचताना अडेल. एकूण सहा ओळी. पॅच मूळ प्रकल्पाकडे पाठवला. बिल्डमध्ये फॉरमॅटच्या सूचनांना एरर मानायचा झेंडा लावला, म्हणजे पुढच्या वेळी कंपायलर थांबवेल.

२.८.३-२ अनस्टेबलमध्ये अपलोड. फक्त सोर्स अपलोड करायचा. घरच्या मशीनवर बांधलेली बायनरी टेस्टिंगमध्ये घेत नाहीत, ती बिल्डडीवर, म्हणजे डेबियनच्या बांधणी-मशीनवरच, बांधलेली लागते.

२४ एप्रिल

२.८.३-२ टेस्टिंगमध्ये पोचलं. ३.०.०-१~एक्सपी१ एक्सपेरिमेंटलसाठी अपलोड केली, ती 'न्यू' रांगेत आहे. आता तिला कितीही दिवस लागोत.

४ मे

मराठी वापरणाऱ्यांकडून आलेली मागणी, आणि ती पूर्णपणे रास्त आहे: ३.० मधला देवनागरी शोध ट्रिक्सीत हवा.

प्रश्न असा आहे. 'दऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ, म्हणजे यू+०९३१, आणि मग हलन्त देतात. काही साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा जोडक यू+२००डी देतात. दोन्हीकडे पडद्यावर तोच अर्धा र: दऱ्या, दर्‍या. वाचणाऱ्याला फरक दिसतही नाही, पण २.८ ला हे दोन वेगळे शब्द. अक्षरांची समान रूपं एक करणारं युनिकोडचं नॉर्मलायझेशन इथे कामाला येत नाही. त्यातलं एनएफसी र आणि खालचा नुक्ता, म्हणजे यू+०९३० आणि यू+०९३सी, यांचा ऱ करून देतं, पण जोडकवाला र त्याच्या कक्षेतच नाही. 'ॲप'चं तसंच: यू+०९७२ एकच अक्षर, किंवा अ आणि त्यावर चंद्र. तिथेही युनिकोड दोघांना समान मानत नाही. मराठी कागदपत्रांत दोन्ही रूपं सर्रास मिसळलेली असतात. कुऱ्हाड, तऱ्हा, सुट्ट्यांच्या वाऱ्या, शेतसाऱ्याच्या पावत्या; एकदा मोजायला बसलं की शब्द संपत नाहीत.

३.० मधला तो भाग सुटा काढून पाहिला. तीन फायली, चारशेहून जास्त ओळी, आणि सूचीच्या फॉरमॅटचा आकडा ५ वरून ६. इथे गाडी अडते. २.८ ला ६ हा आकडा दिसला की ती सूची उघडायला नकार देते. एखाद्या कार्यालयात सूची सामायिक डिस्कवर असते, काही मशीन बुकवर्मवर, काही ट्रिक्सीवर. ट्रिक्सीच्या मशीनने रात्री सूची ताजी केली की सकाळी बुकवर्मवाल्या सगळ्यांचा शोध बंद. मराठी शोध सुधारायला जावं आणि मराठीसकट सगळाच शोध जावा, असं होईल.

मधला मार्ग: फॉरमॅटला हात न लावता शोधतानाच शब्दाची दोन्ही रूपं बनवून दोन्ही शोधायची. अडतीस ओळींचा पॅच होतो, लिहूनही पाहिला. नीट चालतो. पण शब्दात तीन ठिकाणी असं अक्षर असेल तर आठ रूपं होतात, वाक्यांश-शोधात ती गुणत जातात, आणि ती संख्या कुठे तोडायची याचा विचार दोन दिवसांत उरकायचा नाही. सॉफ्ट फ्रीझचा नियम आहे छोट्या, नेमक्या दुरुस्त्यांचा. ही नवी वागणूक आहे. नकार दिला, कारणांसकट. ट्रिक्सी आल्यावर ही सोय बॅकपोर्ट्समधून, म्हणजे स्टेबलसाठी नव्या आवृत्त्या ठेवणाऱ्या वेगळ्या भांडारातून, देणार, असं त्याच उत्तरात लिहिलं.

९ जून

हार्ड फ्रीझ चालू. बुकवर्म ते ट्रिक्सी चढवण्याची चाचणी घेतली. कोरं ट्रिक्सी बसवून पाहणं ही अर्धीच परीक्षा आहे, बहुतेक लोक चढवतात. व्हर्च्युअल मशीनवर बुकवर्म, त्यावर आपली तिन्ही पॅकेजं, म्हणजे लायब्ररी, डेव्हलपमेंट पॅकेज आणि साधन. मग सोर्सेस ट्रिक्सी करून आधी किमान अपग्रेड, मग पूर्ण अपग्रेड.

डीपीकेजी, म्हणजे पॅकेज बसवणारं साधन, थांबलं: एक मॅन-पान, म्हणजे मदतीचं पान, दोन पॅकेजांत आहे, एकाने दुसऱ्यावर लिहायला नकार. २.८ मध्ये ते पान डेव्हलपमेंट पॅकेजमधून साधनाच्या पॅकेजमध्ये हलवलं होतं आणि 'ब्रेक्स' आणि 'रिप्लेसेस', म्हणजे जुन्या पॅकेजशी जमत नाही आणि त्याच्या फाइलची जागा घेतो ही घोषणा, लिहायची राहिली. कोऱ्या मशीनवर हे दिसत नाही. चढवतानाही दर वेळी दिसत नाही: डेव्हलपमेंट पॅकेज आधी उलगडलं तर जुनं पान निघून गेलेलं असतं, साधन आधी उलगडलं तर भांडण. तीन मशीनवर एकात आलं, दोनांत नाही. अशा चुका म्हणूनच उशिरा सापडतात.

चूक 'सीरियस' दर्जाची, रिलीज अडवणारी. कंट्रोल फाइलमध्ये दोन ओळी: २.८.०-१~ च्या आधीच्या डेव्हलपमेंट पॅकेजविरुद्ध ब्रेक्स आणि रिप्लेसेस. शेवटचं तिरपं चिन्ह (~, ज्यामुळे आवृत्ती त्याआधीची ठरते) विसरायचं नाही. ते नसेल तर २.८.०-१ चा बॅकपोर्टही 'आधीचा' ठरून विनाकारण अडवला जातो.

एप्रिलमधल्या चाचणीचं फळ आता मिळालं: पॅकेज आपणहून मायग्रेट होण्याच्या यादीत आहे. तरी वाट पाहण्याचे दिवस कमी व्हावेत म्हणून अनब्लॉकचा, म्हणजे लवकर सोडण्याचा, अर्ज केला. चुका नोंदवणाऱ्या रिपोर्टबगमध्ये रिलीज टीमचं नाव दिलं की साचा मिळतो: कारण, परिणाम, चाचण्या, धोके, तपासणी-यादी. सोबत डेबडिफ, म्हणजे दोन आवृत्त्यांतल्या फरकाची यादी. टेस्टिंगमधल्या आवृत्तीशी तुलना केलेला हवा, आणि पाठवण्याआधी स्वतः ओळ न ओळ वाचलेला हवा. आपल्या पहिल्या डेबडिफमध्ये एडिटरने शेवटच्या मोकळ्या जागा साफ केल्यामुळे पन्नासेक ओळी फुकट बदललेल्या निघाल्या. त्या मागे घेतल्या. वाचणाऱ्याकडे असे शेकडो अर्ज असतात. दोन ओळींची दुरुस्ती दोनच ओळींची दिसली पाहिजे. २.८.३-३ अपलोड.

२८ जुलै

कालपासून पूर्ण फ्रीझ, आता प्रत्येक गोष्टीला मंजुरी लागते. मूळ प्रकल्पाने २.८.४ काढली: बत्तीस कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी. आर्मची दुरुस्ती त्यात आहेच, ती आपल्याकडे आधीपासून आहे. बाकीचं थांबेल.

'लिनक्स कर्नल तर अख्खा घेता, मग हे का नाही?' हा प्रश्न नेहमी येतो आणि त्याला सरळ उत्तर आहे. ट्रिक्सीत ६.१२ ही दीर्घ मुदतीची कर्नल-शाखा आहे आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या स्टेबलमध्ये जशाच्या तशा येतात. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या उप-आवृत्त्याही तशाच. पण त्या शाखांना स्वतःची शिस्त आहे. कर्नलच्या स्थिर शाखेत पॅच येण्याआधी तो मुख्य शाखेत गेलेला असावा लागतो, तो शंभर ओळींपेक्षा मोठा नसावा असा लेखी नियम आहे, आणि प्रत्येक आवृत्तीची अनेक ठिकाणी चाचणी होते. आपल्या मूळ प्रकल्पाच्या २.८.४ मध्ये दुरुस्त्या आणि तीन नवे पर्याय एकत्र आलेत. त्यांना लिहिलंय: २.८ ची शाखा निव्वळ दुरुस्त्यांची ठेवलीत तर पुढची २.८.५ जशीच्या तशी मागता येईल. हे पटवण्यात घालवलेला वेळ पॅच निवडत बसण्यापेक्षा सार्थकी लागतो.

१० ऑगस्ट

काल, ९ ऑगस्टला, डेबियन १३ ट्रिक्सी प्रसिद्ध झालं. टेस्टिंग आता फोर्की, म्हणजे पुढचं डेबियन १४. अनस्टेबल मोकळं झालं. ३.० च्या ट्रान्झिशनची मागणी आजच नोंदवली, अडलेल्या दोन पॅकेजांचे पॅच सोबत जोडून. रिलीजनंतरच्या पहिल्या आठवड्यांत सगळेच साठवलेलं ओततात, त्यामुळे रांग लांब आहे.

१९ ऑगस्ट

२.८.३ मध्ये क्रॅश. डिस्क भरल्यामुळे सूची-फाइलचा शेवटचा ब्लॉक अर्धाच लिहिला गेला. पुढच्या वेळी वाचताना फाइल वाचणाऱ्या एफ-रीड फंक्शनने किती वाचलं हे न पाहता कोड पूर्ण ब्लॉक आहे असं धरून पुढे जातं आणि बफरबाहेर वाचतं.

मूळ दुरुस्ती नऊ ओळींची. मात्र २.८.४ मध्ये ती एका मोठ्या कमिटमध्ये इतर बदलांसोबत गुंफलेली आहे. सोडवून वेगळी काढली. स्टेबलसाठीचा क्रम पक्का आहे: आधी अनस्टेबलमध्ये चूक दुरुस्त झालेली हवी, मग स्टेबल. ३.० मध्ये ती आहे, पण ३.० अजून रांगेत. म्हणून अनस्टेबलमध्ये २.८.३-४ आणि स्टेबलसाठी २.८.३-३+डेब१३यू१. मंजुरीसाठी वेगळा बग, पुन्हा डेबडिफ.

चाचणी कशी केली: एक चांगली सूची घेऊन तिची शेपटी एकेक बाइट कमी करत चार हजार शहाण्णव प्रती बनवल्या आणि प्रत्येक उघडून पाहिली, ॲड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन लावून. दुरुस्तीआधी जवळपास सगळ्याच प्रतींवर सॅनिटायझर ओरडतो. दुरुस्तीनंतर एकदाही नाही, प्रत्येक वेळी 'सूची अपुरी, पुन्हा बनवा' हा निरोप. बुकवर्मच्या २.७ मध्येही हाच कोड आहे. तिथे पॅच काही ओळी वर बसतो. तीही +डेब१२यू१ म्हणून पाठवली.

७ सप्टेंबर

काल १३.१ आणि १२.१२ दोन्ही पॉइंट रिलीज, म्हणजे दुरुस्त्यांच्या आवृत्त्या, एकाच दिवशी आल्या. दोन्हींत दुरुस्ती गेली.

२६ सप्टेंबर

ट्रान्झिशन पुरं. चार पॅकेजं नुसती नव्याने बांधली गेली, दोनांत पॅच लागले. ३.० फोर्कीत. कुणीच वापरत नसल्यामुळे जुनी लायब्ररी अनस्टेबलमधून गेली. मार्चमध्ये जे नऊ दिवसांत कोंबायचं होतं, त्याला मोकळ्या रस्त्यावर जवळपास सात आठवडे लागले.

६ ऑक्टोबर

बॅकपोर्टची तयारी. पॅकेज फोर्कीत असल्याशिवाय बॅकपोर्ट्समध्ये घेत नाहीत, ती अट आता पुरी झाली. आवृत्तीच्या मागे ~बीपीओ१३+१. तिरप्या चिन्हामुळे ती फोर्कीतल्या आवृत्तीपेक्षा लहान ठरते, म्हणजे पुढे डेबियन १४ वर चढवताना आपोआप बदलली जाईल.

मे महिन्यातला सामायिक सूचीचा प्रश्न इथेही उभा आहे, आणि एकाच मशीनवर: साधन ३.० चं, पण ट्रिक्सीतली इतर सहा पॅकेजं जुन्या लायब्ररीवर. साधनाने फॉरमॅट ६ मध्ये सूची लिहिली की बाकी सहा आंधळी. म्हणून बॅकपोर्टमध्ये एक पॅच जादा ठेवला: नवी सूची वेगळ्या फोल्डरमध्ये जाते, जुनीला हात लागत नाही. डिस्कवर जागा दुप्पट लागते. वर्णनात पहिल्याच ओळीत हे लिहिलं.

बॅकपोर्ट्सचं भांडार जोडलं म्हणून काही आपोआप चढत नाही. त्याची प्रायॉरिटी १०० असते, स्टेबलची ५००. हवं त्याने पॅकेज आणणाऱ्या एपीटीला लक्ष्य म्हणून ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स सांगून नाव घेऊन मागायचं. ज्याला 'दऱ्या' आणि 'दर्‍या' एकत्र सापडायला हवेत तो मागेल. शेजारच्या मशीनवर काही हलणार नाही.

१६ नोव्हेंबर

काल १३.२ आली. आपल्याकडून त्यात काही नव्हतं.

बॅकपोर्टवर एक तक्रार आली, खरी आहे: 'ॲप' सापडतं, पण 'अ‍ॅप' हे तिसरं रूप नाही. अ आणि चंद्र यांच्या मधे शून्य रुंदीचा जोडक. जुन्या कीबोर्डांवर असं टाइप झालेला मजकूर भरपूर आहे. ३.० चं वेगळी रूपं एकात घडी घालणारं कोष्टक ही जोडी धरत नाही. मूळ प्रकल्पात एक ओळ आणि तिची चाचणी पाठवली. सूचीतली शब्दाची किल्ली बदलते म्हणजे सूची पुन्हा बनवावी लागणार, तेव्हा फॉरमॅटचा आकडा ७ करायचा की ६ खालीच उप-आकडा ठेवायचा, यावर त्यांच्याशी बोलणं चालू आहे. आपलं मत उप-आकड्याचं: जुनी सूची वाचता यावी, तिसरं रूप तेवढं पुन्हा सूची बनवेपर्यंत सापडू नये.